सत्तेचाळीस वर्षं आणि पाऊण सेकंद

१९७२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, पिओरियाच्या डेटवायलर पार्कमध्ये क्रेग व्हर्जिन नावाच्या शाळकरी मुलाने राज्य स्पर्धेतली तीन मैलांची क्रॉस-कंट्री शर्यत १३ मिनिटं ५०.६ सेकंदांत जिंकली. त्यानंतर राज्यातली निवडक पोरं त्याच मैदानात धावत राहिली, पण तो आकडा काही हलला नाही. अखेर २०१९ साली जॉश मेथनरने १३ मिनिटं ४९.८६ सेकंदांत शर्यत संपवली. फरक ०.७४ सेकंदाचा. या वेगाने धावणारा मुलगा तेवढ्यात जेमतेम सव्वाचार मीटर पुढे जातो.

विक्रम मोडला, म्हणजे मेथनर व्हर्जिनपेक्षा सरस, असं आपण चटकन म्हणून टाकतो. हा हिशेब कच्चा आहे. तो का कच्चा आहे, हे उलगडण्यात मला विक्रमापेक्षाही जास्त गोडी वाटते.

ट्रॅकवर अशी तुलना बरीच सोपी असते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८ मध्ये स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा अंतर तेच ३,००० मीटर होतं आणि अडथळ्यांची उंचीही तीच होती. क्रॉस-कंट्रीत मात्र गवत, चिखल, चढ आणि वळणं हीच शर्यत असते. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कमध्ये शाळकरी मुलं अडीच मैल धावतात, कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध माउंट सॅक मार्गाची लांबी तीन मैलांना थोडी कमी पडते, तर राष्ट्रीय स्पर्धा ५ किलोमीटरची असते.

बरं, अंतर सारखं असलं तरी चढाचं गणित वाकडंच. जेवढं चढलो तेवढं उतरलो की हिशेब फिटतो, असं वाटतं. तो फिटत नाही. अल्बर्टो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवर केलेली मोजमापं २००२ साली प्रसिद्ध झाली. सपाटीवर धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे मीटरला सुमारे ३.६ ज्यूल ऊर्जा लागते. दहा टक्के चढावर ती सहाच्या आसपास जाते आणि तेवढ्याच उतारावर साधारण २.२ वर येते. दोन्हींची सरासरी ४.१ च्या जवळ, म्हणजे सपाटीपेक्षा तेरा टक्के जास्त. चढाने घेतलेलं उतार पुरतं परत देत नाही, कारण उतरताना स्नायूंना शरीर आवरून धरावं लागतं.

मग दोन वेगळ्या मैदानांवरच्या वेळा जोडायच्या कशा? यासाठी एक सुंदर युक्ती आहे आणि ती घोड्यांच्या शर्यतींतून आली आहे. तिथे वेगवेगळ्या मैदानांवरच्या वेळा एकाच पट्टीवर आणणारे अँड्र्यू बायर यांचे वेगांक प्रसिद्ध आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या बिल मेलन यांनी तोच विचार शाळकरी क्रॉस-कंट्रीला लावला. त्यांच्या पद्धतीत तीन सेकंदांना एक गुण मिळतो.

युक्ती अशी. समजा, पन्नास मुलं एका शनिवारी ‘अ’ मैदानावर धावली आणि पुढच्या शनिवारी ‘ब’ मैदानावर. एखाद्याला मधल्या आठवड्यात सर्दी झाली असेल, एखादा नेमका फॉर्मात आला असेल. म्हणून एकट्यादुकट्याकडे बघायचं नाही. प्रत्येकाच्या दोन वेळांमधला फरक काढायचा, ते पन्नास फरक चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला उचलायचा. तो २५ सेकंद आला, तर त्या दिवशी ‘ब’ हे ‘अ’पेक्षा २५ सेकंदांनी जड होतं. चढ, चिखल, वारा, फितीने चुकीचं मोजलेलं अंतर, सगळं त्या एका आकड्यात आलं. मैदान मोजायला मैदानात पाऊल टाकावं लागत नाही, पोरंच ते मोजून देतात! एकेका मुलाच्या फरकात पंधरा सेकंदांची चढउतार धरली, तरी पन्नास जणांमुळे चूक दोनतीन सेकंदांवर येते. ‘ब’वरची काही मुलं पुढे ‘क’वर धावतात. अशी साखळी जोडत एका हंगामातली शेकडो मैदानं एका पट्टीवर आणता येतात.

साखळी एका हंगामापुरती भक्कम आहे. ती वर्षांच्या पलीकडे न्यायला गेलं की दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली त्यातल्या त्यात सोपी: प्रत्येक जोडावर तीन सेकंदांची चूक धरली, तर सत्तेचाळीस जोडांनंतर ती वर्गमुळाच्या नियमाने वीस सेकंदांवर जाते. आपण भांडतोय पाऊण सेकंदासाठी. दुसरी अडचण मुळावरच घाव घालते. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या दोन्ही स्पर्धांत असलेला प्रत्येक मुलगा मधल्या काळात एका वर्षाने वाढलेला असतो. तो वेगवान झाला की मैदान सोपं झालं? हे ठरवायचं तर सोळा वर्षांचा मुलगा वर्षभरात साधारण किती सुधारतो, हे आधी गृहीत धरावं लागतं. नेमकी ही सुधारणाच तर दर पिढीत बदलत असते! जे शोधायचं तेच गृहीत धरलं, मग उत्तराला काय अर्थ? भरती आली की बंदरातल्या सगळ्या होड्या एकदम वर येतात. एका होडीवरून दुसरी मोजत बसलं तर पाणी चढल्याचं कधीच कळणार नाही. त्याला किनाऱ्यावर रोवलेला खांब हवा.

आणि भरती दरवेळी चढतीच असते असंही नाही. १९६४ ते १९६७ दरम्यान अमेरिकेतल्या तीन शाळकरी मुलांनी मैल चार मिनिटांच्या आत पूर्ण केला. जिम रायन त्यातला पहिला. चौथा, ॲलन वेब, यायला २००१ साल उजाडावं लागलं.

म्हणून तर डेटवायलरचं मोल. इलिनॉय नदीकाठचं ते सपाट गवत म्हणजे आपल्याला हवा असलेला खांब आहे. पण खांबालाही धक्के बसतात. हाताने दाबलेलं घड्याळ स्वयंचलित घड्याळापेक्षा सेकंदाचा थोडा अंश कमी दाखवतं. शिवाय २०२० पासून आलेल्या नव्या फोमच्या स्पाइक्सनी, म्हणजे खिळ्यांच्या बुटांनी, धावायला लागणारी ऊर्जाच कमी केली आहे, त्यामुळे यापुढचे आकडे व्हर्जिनच्या शेजारी ठेवताना आणखी जपावं लागेल.

एका आकड्यात पोराची कुवत सांगणारा कुणी भेटला की आपल्याला हायसं वाटतं, हा मोह जुना आहे. त्याच मोहावर आपल्याकडे बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ चाचण्या विकल्या जातात. त्यांना शास्त्राचा काडीचाही आधार नाही. पालकांनी त्यावर एक रुपयाही घालवू नये. वेगांक निदान मुलगा धावल्यावर काढतात आणि त्यात चूक किती, हेही सांगता येतं.

मुलींची तुलना करताना आणखी एक गोष्ट आड येते. शिक्षणातल्या लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये आला. त्याआधी तिथल्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांपेक्षा कमी होत्या आणि मुलगे ३६ लाखांहून जास्त. निवडीचं टोपलंच लहान असेल, तर त्यातलं सर्वोत्तमही सरासरीपासून फार दूर जात नाही. त्यामुळे आधीच्या काळातली वेळ त्या मुलीबद्दल कमी आणि बंद दारांबद्दल जास्त सांगते.

मला स्वतःला दुसरी एक कसोटी अधिक प्रामाणिक वाटते: त्या दिवशीच्या जगातल्या सर्वोत्तमापासून मुलगा किती दूर होता? १९६४ मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेनच्या गेरी लिंडग्रेनने शाळकरी वयात ५,००० मीटर १३ मिनिटं ४४ सेकंदांत धावून काढले. तेव्हाचा जागतिक विक्रम होता १३ मिनिटं ३५ सेकंद, म्हणजे अंतर फक्त नऊ सेकंदांचं. २००४ मध्ये गॅलन रपने लिंडग्रेनचा शालेय विक्रम १३ मिनिटं ३७.९१ सेकंदांवर आणला, तेव्हा केनेनिसा बेकेलेचा जागतिक विक्रम त्याच्यापुढे पूर्ण एक मिनिट होता. या कसोटीतही खोट आहे: १९६४ च्या जगात पूर्व आफ्रिकेचे धावपटू नुकते कुठे उतरू लागले होते. ती खोट जमेस धरूनही एक टक्का आणि आठ टक्के यांतली दरी बुजत नाही. १९६४ मध्येच लॉस एंजेलिसमध्ये लिंडग्रेनने सोव्हिएत संघाच्या प्रौढ धावपटूंना १०,००० मीटरमध्ये हरवलं. व्हर्जिन पुढे १९८० आणि १९८१ असा दोनदा क्रॉस-कंट्रीचा जगज्जेता झाला, तरी शाळकरी वयापुरतं विचाराल तर मी लिंडग्रेनला त्याच्याही वर ठेवतो. व्हर्जिन आणि मेथनर यांच्यात मात्र, निव्वळ त्या तीन मैलांपुरतं, मी बरोबरी देतो.