रिसीव्हरची दोन वयं

दिवाळीच्या झाडलोटीत विट्याच्या एका घरी माळ्यावरून जपानी स्टिरिओ रिसीव्हर खाली आला आणि गोधडीत गुंडाळून सांगलीला माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर पोचला. उचलायला दोघे लागले. बरोबर घरचा नातू होता. "काका, हा किती सालचा असेल? आजोबा म्हणायचे, अठ्ठ्याहत्तरला घेतला." मागच्या पत्र्यावर मॉडेल होतं, नंबर होता, साल नव्हतं. सहसा नसतंच. आपला माल जुना झालाय हे गिऱ्हाइकाला सांगायची कुठल्या कारखान्याला हौस?

हल्ली हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. जुन्या सेटचा भाव सालावर ठरतो हे एक. पण दुरुस्तीलाही साल लागतं. आत जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत की सिलिकॉन, स्पीकरच्या वाटेवर मोठा कंडेन्सर आहे की थेट जोडणी, हे सालावरून आधीच कळलं तर झाकण उघडण्यापूर्वी निम्मं काम झालेलं असतं. आणि आपल्या भागात आलेल्या सेटला दोन वयं असतात. एक कारखान्यातलं, दुसरं आपल्याकडचं. दुसऱ्या वयाकडे कुणी बघत नाही.

रिसीव्हर म्हणजे ट्यूनर आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. आपल्याकडे त्याला रिसीव्हर कुणी म्हटलंच नाही. पेटीही 'स्टिरिओ' आणि स्पीकर, डेक, टर्नटेबल धरून सगळा संसारही 'स्टिरिओ'. अमेरिकेत ही पेटी जन्मली ती दोन कानांच्या नव्या हौसेपायी. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्याच साली हार्मन कार्डननं काढलेला टीए-२३० हा पहिला स्टिरिओ रिसीव्हर मानला जातो. त्यात एएम आणि एफएमचे दोन स्वतंत्र ट्यूनर होते, कारण तेव्हाचं स्टिरिओ प्रसारण म्हणजे एक बाजू एएमवर आणि दुसरी एफएमवर. डाव्या कानात एक केंद्र, उजव्यात दुसरं! हा द्राविडी प्राणायाम १९६१ मध्ये संपला. अमेरिकी सरकारनं मल्टिप्लेक्स पद्धत मंजूर केली: दोन्ही बाजू एकाच एफएम लहरीवर, आणि सोबत १९ किलोहर्ट्झचा एक बारीक खुणेचा सूर. हा सूर सापडला की सेट दोन्ही बाजू वेगळ्या करतो आणि डायलवर 'स्टिरिओ'चा तांबडा दिवा लावतो. त्या दिव्याकडे मी शेवटी येईन.

पुढची वीस वर्षं एका दमात सांगता येतात. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, धंदा जपानकडे सरकला. सान्सुई, पायोनियर, केनवुड. मरँट्झचं नाव अमेरिकी, पण मालही बराचसा जपानात तयार होऊ लागला. १९७० च्या दशकात चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिकचं खूळ आलं आणि त्याच दशकात गेलं. त्यामुळे पुढच्या पट्टीवर '४ चॅनल' असं बटण दिसलं की साल बऱ्यापैकी पक्कं होतं. मग वॅटची चढाओढ. १९७८ चा पायोनियर एसएक्स-१९८० एका बाजूला २७० वॅट देत होता आणि वजनाला ३५ किलो होता. विट्याचा सेट त्याच्यापुढे पोरगेला.

या चढाओढीतला एक कायदा साल ओळखायला फार कामाचा. आधी कंपन्या 'म्युझिक पॉवर' म्हणून वाटेल तो आकडा छापत. १९७४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं नियम केला की दोन्ही बाजू एकदम चालवून, सतत मिळणारे वॅटच जाहिरातीत सांगायचे, आणि मोजणीआधी सेट एक तृतीयांश ताकदीवर तासभर तापवायचा. कंपन्यांना हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे, वाढवावे लागले. म्हणून माहितीपुस्तिकेत 'किमान इतके वॅट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारे), ८ ओहमला, अमुक ते तमुक हर्ट्झ' असं लांबलचक वाक्य असलं की कागद त्यानंतरचा समजावा. आपल्याकडे पुढे डेकवर 'पीएमपीओ १००० वॅट' अशी क्षणभराच्या फुगवलेल्या आकड्यांची स्टिकरं लागली, तेव्हा असं विचारणारं कुणी नव्हतं. असो.

आता इकडचं. सांगलीत आकाशवाणीचं केंद्र १९६३ मध्ये आलं. त्याआधी आमच्याकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर पुणं, मुंबई आणि रात्री सिलोन. सांगलीची जागा मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे काट्याच्या उजव्या टोकाकडे. सबंध जिल्ह्यातल्या जुन्या सेटांच्या डायलवर त्या जागी कुणीतरी पेन्सिलीनं, नेलपॉलिशनं किंवा टिकलीनं खूण केलेली सापडते. मुंबईकडून आलेल्या सेटवर ती नसते. हे झालं दुसरं वय.

१२५१ हा आकडाही साल सांगतो. १९७८ च्या नोव्हेंबरात अमेरिका खंड सोडून बाकी जगानं मीडियम वेव्हवरची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली. १२५१ ला नऊनं नि:शेष भाग जातो, करून बघा. अमेरिकेत अंतर दहाचंच राहिलं. काट्याच्या सेटला यानं काही फरक पडत नाही. पण आकडे दाखवणारा डिजिटल ट्यूनर अमेरिकेचा असेल तर तो १२५० वर थांबतो. एक किलोहर्ट्झची चूक कान सोसतात. पुण्याचं ७९२ त्याच्या ७९० वर जरा दबकं लागतं आणि मुंबईचं १०४४ तर १०४० वर पार चेंगरतं. निर्यातीच्या सेटना मागे ९ आणि १० चं बटण असतं, ते आधी शोधावं.

हे सेट जिल्ह्यात दुकानातून फारसे आले नाहीत. आयातीवर कडक निर्बंध, वर जबर सीमाशुल्क. हौशी लोक देशी सोनोडाइन किंवा कॉस्मिक घेत, आणि त्यांचं काही वाईट चालायचं नाही. परदेशी सेट आला तो माणसांबरोबर. कुणी आखातातून येताना आणला, कुणी मुंबईच्या ओळखीतून. आणि आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यात गलाईवाल्यांबरोबर. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यानं इथली माणसं देशभर पसरली. विट्याचे हे आजोबा मद्रासला होते. तिथला बर्मा बाजार परदेशी मालासाठी नावाजलेला, आणि सेट तिथूनच घेतल्याचं घरात सांगतात.

मद्रास हे गाव इथं महत्त्वाचं आहे. भारतात एफएम सुरू झालं ते १९७७ च्या जुलैत, मद्रासलाच. म्हणजे आजोबांनी तिथं घेतलेल्या सेटवर एफएमचा काटा कामाचा होता. तोच सेट विट्याला आला तेव्हा ८८ ते १०८ मध्ये नुसती सळसळ. साताऱ्याला आकाशवाणीचं एफएम आणि मग खासगी वाहिन्या यायला बराच अवकाश होता. अर्धा डायल मुका ठेवून हा सेट इथं कॅसेट आणि तबकड्या वाजवत राहिला.

जुना सेट घ्यायला निघालेल्यांसाठी जाता जाता: एफएमचा पट्टा ७६ ते ९० असला तर तो खास जपानच्या घरगुती बाजाराचा. त्याला वीजही १०० व्होल्टची लागते. इथल्या प्लगात घातला तर ट्रान्सफॉर्मरचा वास घरभर. निर्यातीच्या सेटला मागे ११० ते २४० व्होल्ट निवडायचा खटका असतो. तो कुठल्या आकड्यावर आहे हे बघितल्याशिवाय वायर लावू नये. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी आधी लावून बघून मग माझ्याकडे येतो.

झाकण उघडलं. आत धूळ, एका कोपऱ्यात कोळ्याचं घर, आणि मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर ७६४१ असे आकडे. ट्यूनरच्या बोर्डावर एका आयसीवर ७६४३. अशा चार आकड्यांत पहिले दोन साल आणि पुढचे दोन आठवडा: १९७६ चा त्रेचाळिसावा, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. अमेरिकी सेटात व्हॉल्युमच्या पॉटवर, म्हणजे बटणामागच्या फिरत्या पार्टवर, सात आकडे असतात. पहिले तीन कारखान्याचे. १३७ म्हणजे सीटीएस, तेव्हा १३७७४३२ हा सीटीएसनं १९७४ च्या बत्तिसाव्या आठवड्यात केलेला पॉट. फसायची जागाही आहे. आयसीवर ७४४७ दिसलं म्हणून १९७४ समजू नका, ते त्या आयसीचं नावच आहे. आणि एकाच पार्टवर कधी भरवसा ठेवू नये. मूळचा म्हणून खात्री पटलेल्या पार्टांपैकी सर्वांत नवा जो, त्याच्या आधी सेट जुळलेला असूच शकत नाही. इथं ७६४३ शेवटचा. म्हणजे सेट १९७६ अखेरीचा किंवा फार तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीचा. आजोबांचं अठ्ठ्याहत्तरही खरं. ते खरेदीचं साल.

पण आत आणखी काही होतं. उजव्या बाजूच्या आउटपुटला जपानी ट्रान्झिस्टर नव्हते. त्या जागी बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) शिक्का असलेले २एन३०५५, ज्यांना मेकॅनिक नुसतं 'तीस-पंचावन्न' म्हणतात. शेजारी केरळच्या केल्ट्रॉनचे दोन कंडेन्सर, पाय जरा लांब ठेवून, पण सोल्डर चकचकीत आणि गोल. हात सराईत होता. झाकणाच्या आतून पेन्सिलीनं तारीख: १४-३-८४. ही या सेटची विट्यातली पहिली मोठी दुरुस्ती असावी. नातवानं पुढच्या खेपेला रेडिओ लायसन्सचं पुस्तकही आणलं. घरी सेट ठेवायचा तर पोस्टात वर्षाला १५ रुपये भरून लायसन्स घ्यावं लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. या पुस्तकात सेटचं नाव आणि नंबर लिहिलेले, पहिली पानं मद्रासच्या शिक्क्यांची आणि १९८१ पासून विट्याची. एवढी सरळ वंशावळ माणसाचीही मिळत नाही.

सगळ्यांचं असं नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा गावभागातल्या कितीतरी घरांत तळमजल्यावरचे सेट बुडाले. ते अजून येतात. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमध्ये तो तांबूस करडा गाळ बसलेला असतो आणि पेटीच्या लाकडावर पाण्याची आडवी रेघ. त्यावरची तारीख वाचायला कोड लागत नाही. असे सेट आधी स्वच्छ पाण्यानंच धुवावे लागतात, हे ऐकून लोक दचकतात. मग आठवडाभर वाळवायचे, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन मेगर या यंत्रावर तपासायचं आणि तोवर विजेचं नावही काढायचं नाही.

विट्याच्या सेटला एवढं लागलं नाही. आधी विजेच्या वाटेत १०० वॅटचा सिरीज बल्ब लावून बघितला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला, म्हणजे कुठं शॉर्ट नाही. मग डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू वर. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचं डीसी मोजलं: डावीकडे १२ मिलिव्होल्ट, उजवीकडे ९०. उजवी बाजू आधीच चुगली करत होती. त्या काळच्या बऱ्याच जपानी सेटांत कंडेन्सर हलू नयेत म्हणून पिवळसर गोंद लावलेला असतो. वर्षांनी तो तपकिरी होतो, खालचे पाय खातो आणि कधी वीजही वाहतो. तो खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. सी-चारशे अठ्ठावन्नसारखे लहान ट्रान्झिस्टर म्हातारपणी सूं-सूं आवाज करतात, तेही बदलले. व्हॉल्युमची खरखर मात्र नुसत्या क्लीनरनं गेली.

बीईएलचे तीस-पंचावन्न मी काढले नाहीत. बायस, म्हणजे आवाज नसतानाही त्यांतून वाहणारा बारीक करंट, जुळत होता, आवाज बरोबर होता. सगळं 'मूळ' करायचं म्हणून जपानी पार्ट शोधून लावणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः एका सेटातले सगळे कंडेन्सर एका रात्रीत उपटून कचऱ्यात टाकले होते, फोटोही न काढता. सकाळी मालकानं साल विचारलं आणि मी पाटीकडे बघत राहिलो. तेव्हापासून काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून सेटबरोबर परत देतो. लोक हसतात.

डायलचे दिवे पाचही गेलेले होते. हल्ली तिथं पांढरे एलईडी लावायची पद्धत आहे. त्यानं डायल औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखा दिसतो. मी पिवळ्या तारेचेच दिवे घातले. त्याच ओळीत सहावा, स्टिरिओचा तांबडा दिवा. तो काढून भिंगाखाली धरला: काच लख्ख, तार सरळ, काळवटल्याचा मागमूस नाही. सेट चाळीस वर्षं वापरात होता, पण हा दिवा फारसा पेटलाच नव्हता. तो होता तिथं परत बसवला, खिडकीतून वायर बाहेर टाकली आणि काटा एका खासगी वाहिनीवर आणला. जाहिरात चालू होती, सोन्याच्या दागिन्यांची. दिवा लागला.