मुलाम्याखालचा ड्रम

शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी ड्रमवर क्रोम (क्रोमियम धातूचा चकचकीत मुलामा) नव्हतं. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक उत्तम स्नेअर ड्रम (खालच्या पडद्याला तारा लावलेले, खणखणीत आवाजाचे बुटके ड्रम) घासून घासून खराब झाले आहेत. जुन्या ड्रमचे हूप (पडदा दाबून धरणारी कडी), टेन्शन रॉड (ती आवळणारे लांब स्क्रू), लग (ते स्क्रू ज्यांत बसतात ते धातूचे तुकडे) साफ करायला घेण्याआधी तो कोणत्या काळात बनला हे कळायला हवं, कारण धातू आणि त्यावरचा मुलामा काळागणिक बदलत गेला.

विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागोत ड्रमचा धंदा सुरू केला. तेव्हा आणि पुढची काही वर्षं चांगल्या ड्रमवरचं धातुकाम म्हणजे बहुधा पितळ, आणि त्यावर निकेलचा मुलामा. निकेलची झाक किंचित पिवळसर असते आणि वर्षानुवर्षं हवा लागून त्यावर धुरकट थर चढतो. तो थर म्हणजे गंज नव्हे. पॉलिशने जोर लावून रगडलं की आधी कडांवरचं निकेल उडतं आणि खालचं पितळ डोकावू लागतं. आपल्याकडे समई चिंचेने, पितांबरीने बिनधास्त घासतात, कारण ती आरपार पितळेची असते. घासल्यावर पुन्हा पितळच वर येतं. मुलाम्याच्या बाबतीत एकदा गेलेला थर घरी परत आणता येत नाही.

याची सगळ्यात हळवी बाजू दिसते ती १९२० च्या दशकातल्या लुडविगच्या काळ्या स्नेअरवर. पितळी शेलवर, म्हणजे ड्रमच्या गोल अंगावर, काळ्या निकेलचा मुलामा देऊन कारागीर त्यावर हाताने फुलापानांची नक्षी कोरत. हत्याराखाली काळा थर कापला जाई, पितळ उघडं पडे आणि काळ्यावर सोनेरी वेलबुट्टी उमटे. हेच ड्रम पुढे ‘ब्लॅक ब्यूटी’ या नावाने प्रसिद्ध झाले. म्हणजे इथली सजावट मुळात त्या पातळ थराच्या आधारावर उभी आहे. पॉलिशमधल्या बारीक कणांनी काळा रंग फिका पडला की नक्षीचा उठाव गेलाच. अशा ड्रमला मऊ कोरड्या कापडापलीकडे काही लावू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

क्रोमची गोष्ट नंतरची. कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात क्रोमच्या मुलाम्याची व्यवहारात चालेल अशी पद्धत बसवली. आधी ती मोटारींवर झळकली, मग हळूहळू वाद्यांवर आली. तरी निकेल लगेच हद्दपार झालं नाही. ड्रमवर क्रोमचं राज्य खऱ्या अर्थाने दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. क्रोम कठीण असतं, काळवंडत नाही, पण त्याचा थर एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो. खालच्या धातूचं खरं रक्षण करतं ते क्रोमच्या खाली दिलेलं निकेल.

त्याआधीच, १९३० च्या दशकात, लगही बदलले होते. पितळी नळीच्या जागी साच्यात ओतलेले, जस्ताच्या मिश्रधातूचे डौलदार लग आले. जस्त आम्लाला टिकत नाही. म्हणून असे लग व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ठेवायचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. मुलाम्याच्या छिद्रांतून आम्ल आत शिरतं आणि लग आतून पोखरतं.

१९४२ मध्ये अमेरिकी सरकारने युद्धासाठी धातू राखून ठेवला. ड्रममध्ये वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच धातू वापरायची परवानगी उरली. स्लिंगरलँड या अमेरिकी कंपनीच्या ‘रोलिंग बॉम्बर’ ड्रमवर लाकडी लग दिसतात ते त्यामुळे.

मग १९६० चं दशक. बीटल्स या बँडचा ड्रमर रिंगो स्टारने १९६३ मध्ये लंडनच्या ड्रम सिटी दुकानातून लुडविगचा ड्रमसंच घेतला, ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकले आणि लुडविगच्या कारखान्याला मागणी पुरवता पुरवता दम लागला. त्या दशकातला लुडविगचा ‘सुप्राफोनिक’ स्नेअर असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजला आहे. सुरुवातीला त्याचा शेल पितळेचा होता, नंतर ॲल्युमिनियमचा झाला. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, त्यामुळे मुलामा घट्ट बसवणं कठीण जातं. घाम आणि दमटपणा आत गेला की क्रोमला फोड येतात, पापुद्रे सुटतात. हे डाग घासून जात नाहीत. उलट सुटलेल्या कडा आणखी उचलल्या जातात. त्याच घराण्यातल्या स्वस्त ‘ॲक्रोलाइट’वर मुलामाच नाही, शेल नुसता ॲनोडाइझ केलेला (विजेच्या साहाय्याने त्याचाच ऑक्साइडचा थर जाड केलेला) असतो. म्हणून तो बरेचदा महागड्या भावंडापेक्षा नेटका राहिलेला आढळतो.

पोलादी हूपवर मात्र सफाईला वाव आहे. क्रोमच्या सूक्ष्म छिद्रांतून वर आलेला तांबूस गंज ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळली की निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे सहसा पडत नाहीत. नंतर हूप कोरडा करून मेणाचा पातळ हात द्यायचा. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हे शेवटचं काम टाळू नये, कारण मिठातलं क्लोराइड त्याच छिद्रांतून गंज पुन्हा सुरू करतं.

नवा मुलामा चढवणं हा शेवटचा उपाय. त्यासाठी जुना थर उतरवून धातू घासावा लागतो आणि त्यात कोरीव खुणा बोथट होतात. शिवाय जुन्या पद्धतीतलं सहा-संयुजी क्रोमियम (त्या धातूचं एक रासायनिक रूप) कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात २०१७ पासून त्याच्या वापराला खास परवानगी लागते. त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या त्रि-संयुजी क्रोमची झाक जराशी वेगळी असते. त्यामुळे आठांपैकी एकाच लगवर तसा नवा मुलामा दिला, तर तो बाकीच्या सातांमध्ये वेगळा दिसतो.