०.९९९… आणि १ यांच्यात अंतर किती?

मुंबईतल्या कुठल्याही नववीच्या वर्गात वास्तव संख्या (संख्यारेषेवरच्या सगळ्या संख्या) शिकवा, हा वाद हमखास उभा राहतो. १/३ म्हणजे ०.३३३…, हे मुलं बिनतक्रार मान्य करतात. दोन्हींना ३ ने गुणलं, एकीकडे १ आणि दुसरीकडे ०.९९९… आलं, की मात्र हात वर होतात: "सर, एकच्या अगदी जवळ असेल, पण एक कसं?"

शंका रास्त आहे. फळ्यावरचं उत्तर ठरलेलं असतं: क्ष = ०.९९९…, म्हणून १०क्ष = ९.९९९…; वजाबाकी केली की ९क्ष = ९, क्ष = १. पण न संपणाऱ्या दशांशांची अशी वजाबाकी चालते, हे इथे गृहीतच धरलंय. त्यापेक्षा सरळ अंतर मोजून पाहावं, असं मला वाटतं.

चर्चगेट ते विरार हे सुमारे ६० किलोमीटर म्हणजे १ धरा. ०.९ वर उतरलात तर विरार ६ किलोमीटर दूर. दहा नवांनंतर उरतात ६ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. पंधरा नवांनंतर उरतं ते अणूच्या व्यासाहूनही कमी. आणि नऊ तर संपतच नाहीत! तुम्ही कितीही बारीक अंतर सांगा, ०.९९९… आणि १ यांच्यातलं अंतर त्याहून कमीच भरतं. वास्तव संख्यांमध्ये असं अंतर एकच, शून्य.

"०.०००… आणि अगदी शेवटी १" हे मुलांचं आवडतं उत्तर. पण न संपणाऱ्या रांगेत शेवटची जागा कुठली? पहिली, शंभरावी, कोटीवी, कुठलीही जागा पाहा, तिथे शून्यच आहे.

०.९, ०.९९, ०.९९९ या यादीतली एकही संख्या १ नाही, हे खरंच. पण ०.९९९… या यादीत नाहीच. यादी जिच्याकडे जाते त्या सीमेचं ते नाव आहे. १८७२ मध्ये डेडेकिंड आणि कँटर या गणितज्ञांनी वास्तव संख्यांची काटेकोर मांडणी केली, तिच्यातही हेच निघतं.

०.५ म्हणजे ०.४९९९…, २ म्हणजे १.९९९…. शून्य सोडून प्रत्येक खंडित, म्हणजे कुठेतरी संपणाऱ्या, दशांशाला असं दुसरं रूप असतं. १/७ चा दशांश संपतच नाही, म्हणून त्याला नसतं. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, जिथे ० आणि १ हे दोनच अंक असतात, नवाची जागा एक घेतो: तिथे ०.१११… म्हणजे १.