पालवीनं झाकलं, पाण्यानं दाखवलं

‘मोनेला मोतीबिंदू होता, म्हणून त्याची चित्रं धूसर,’ हे फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेबद्दलचं वाक्य परवा पुन्हा कानावर आलं. प्रतिभेच्या मुळाशी आजार शोधायची ही हौस मला अजिबात पटत नाही. साध्या सनावळ्या पाहा. मोतीबिंदूचं निदान १९१२चं, शस्त्रक्रिया १९२३ची. सीन नदीकाठच्या बेनकूर गावाचं त्याचं चित्र मात्र १८६८चं, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याच्या चित्रकार-गटाला ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नावसुद्धा १८७४मध्ये पडलं.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या या चित्रात अलीकडच्या काठावर झाडाखाली मोनेची जोडीदार कामिय बसली आहे, पलीकडे गाव, मधे नदी. समोरचं एक घर झाडाच्या पालवीआड बरंचसं लपलं आहे. पण पाण्यात बघा, तेच घर उलटं होऊन दिसतंय!

चूक नाही ही. प्रतिबिंब म्हणजे समोरच्या देखाव्याची उलटी नक्कल, असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. तुमचा डोळा पाण्याच्या वर दीड मीटर असेल, तर पाण्यात दिसतं ते पाण्याखाली दीड मीटरवरच्या डोळ्याला दिसेल तसं, फक्त उलटं. घराकडून थेट येणारा किरण पालवीत अडतो. त्याच घराचा दुसरा किरण पालवीच्या खालून येतो, पाण्यावर पडतो आणि शाळेत शिकलेल्या नियमाप्रमाणे तितक्याच कोनातून उसळून डोळ्यात शिरतो. टेबलाजवळ जमिनीवर आरसा ठेवून पाहा. एरवी न दिसणारी टेबलाची खालची बाजू त्यात दिसेल.

आता लाटा. पाण्याचा पृष्ठभाग आपल्या दिशेनं १ अंश कलला, तर परावर्तित नजर वर-खाली २ अंशांनी सरकते. तोच कल डावी-उजवीकडे असेल, तर हे सरकणं २ अंश गुणिले नजर पाण्याशी करते त्या कोनाची साइन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर), एवढंच. नजरेचा कोन १० अंश असेल तर साइन ०.१७, म्हणजे आडवं पसरणं उभ्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाचं. म्हणून हलत्या पाण्यात प्रतिबिंब उभं ताणलं जातं, रुंदीला फारसं फुटत नाही. नदीच्या घाटावर दिवे लागले की एकेका ठिपक्याचा पाण्यात लांबलचक खांब होतो, तो याच हिशेबानं.