आकाशातली इंग्रजी: तात्पुरती सोय, कायमचा मुक्काम

विमानांच्या रेडिओवर इंग्रजी आली ती सोपी म्हणून नव्हे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा मोठी विमानं बनवण्याची ताकद मुख्यतः अमेरिकेकडे होती आणि नागरी विमानवाहतुकीचे नियम ठरवणारी परिषदही १९४४ साली शिकागोतच भरली. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने इंग्रजीची शिफारस केली, पण याहून योग्य बोली तयार होऊन स्वीकारली जाईपर्यंतच. तशी बोली काही आली नाही. उलट इंग्रजीच छाटावी लागली.

कारण खरखरत्या रेडिओवर ही भाषा फार फसवी. ‘टू’ म्हणजे दोन आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’. कानाला फरक शून्य. १९८९ साली क्वालालंपूरजवळ नियंत्रकाने एका मालवाहू विमानाला ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’, म्हणजे २,४०० फुटांवर उतरा, असं सांगितलं. वैमानिकांनी ते ‘४०० फुटांपर्यंत’ असं घेतलं. आदेश परत म्हणून दाखवतानाही ते ‘फोर झिरो झिरो’ म्हणाले आणि ती चूक कुणी पकडली नाही. विमान टेकडीवर आदळून चौघेही गेले. आता उंचीच्या आकड्याआधी ‘अल्टिट्यूड’ किंवा ‘फ्लाइट लेव्हल’ म्हणायचं असतं.

१९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मेले. डच वैमानिकाचं ‘अॅट टेकऑफ’ हे ‘धावायला लागलोय’ अशा अर्थाचं होतं; नियंत्रकाला वाटलं, तो जागेवर थांबलाय. त्यातच दोन संदेश एकाच वेळी येऊन शिट्टीसारखा आवाज झाला. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’. आकड्यांचे उच्चारही मुद्दाम वाकवले आहेत: तीन ‘ट्री’, पाच ‘फाइफ’, नऊ ‘नायनर’. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ गोंगाटात सारखेच वाटतात.

ठरलेली वाक्यं पाठ असली तरी अनपेक्षित प्रसंगी साधं इंग्रजी लागतंच. १९९६ साली हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मेले. त्याच्या चौकशीत कझाक वैमानिकांचं तोकडं इंग्रजी पुढे आलं. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद तपासतात आणि यांतला सर्वांत कमी गुण हीच उमेदवाराची पातळी धरतात. चौथ्या पातळीवाल्यांची परीक्षा साधारण दर ३ वर्षांनी, पाचव्यांची ६ वर्षांनी. सहाव्यांना फेरपरीक्षा नाही. या गटात बरेचसे इंग्रजी मातृभाषा असलेले असतात आणि रेडिओवर भरभर, वाक्प्रचार पेरत बोलण्याची खोडही बहुधा त्यांनाच.