ताणतार (हौशी रेडिओ मनोरा)

हॅम रेडिओच्या सडपातळ, जाळीदार मनोऱ्याला उभा धरणारी तिरपी पोलादी तार. विजेच्या खांबाला असतो तशीच ही तार, फक्त इथे ती 120 अंशांवर तिन्ही बाजूंना आणि उंचीप्रमाणे दोन-तीन पातळ्यांवर बांधतात. अँकर (तार जमिनीला बांधायचा पुरलेला आधार) पायथ्यापासून मनोऱ्याच्या उंचीच्या सुमारे 80 टक्के अंतरावर घेतात. 20 मीटर मनोऱ्याला 16 मीटर.

अमेरिकेत रोन कंपनीच्या 25जी जातीच्या मनोऱ्यांना 3/16 इंची (4.8 मिमी) सात पदरी ईएचएस (एक्स्ट्रा हाय स्ट्रेंग्थ, अति-मजबूत पोलादी) तार रूढ आहे. ती सुमारे 1,810 किलोंना तुटते. सुरुवातीचा ताण याच्या 10 टक्के, म्हणजे 180 किलो ठेवतात. आपल्याकडची जीआय (जस्ताचा थर दिलेली) स्टे वायर वेगळ्या प्रतीची असते, तिला हे आकडे लावू नयेत.

जितकी घट्ट तितकी भक्कम, हा समज महागात पडतो. वरच्या 20 मीटर मनोऱ्याला 18 मीटरवर बांधलेल्या तीन तारा 180 किलोंनी ओढल्या की मनोऱ्यावर वारा नसतानाही सुमारे 400 किलोंचा दाब खाली येतो. ताण वाढवला की हा दाबही वाढतो आणि मंद वाऱ्यात तारा गुणगुणू लागतात. ती थरथर जोडांना झिजवते. ढिली तार वाऱ्याच्या झोतात हिसके देते.

टोकाला थिंबल (फासाच्या आतली धातूची खोबण) घालून प्रीफॉर्म्ड ग्रिप (तारेभोवती पिळायची तयार पीळदार पकड) हातानेच गुंडाळावी, पक्कड लावू नये. ग्रिपचा पीळ तारेच्या पिळाच्याच दिशेचा हवा. यू-क्लॅम्प वापरल्यास खोगीर (क्लॅम्पचा खाचेचा भाग) भार घेणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर बसवतात. उलटे बसवले तर यू-बोल्ट भाराचीच तार चेपतो. ईएचएस कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळावी. सुटलेले टोक स्प्रिंगसारखे उसळते, डोळा सांभाळा.

ताण शांत हवेत द्यावा. आधी खालची पातळी, मग वरची. तिन्ही टर्नबकल (तार घट्ट-सैल करायचे आट्यांचे जोड) थोडे थोडे, आळीपाळीने फिरवायचे आणि दर वेळी मनोरा ओळंब्यात आहे का ते पाहायचे. टर्नबकलचे आटे शेवटी साधारण निम्मे शिल्लक राहावेत, नाहीतर पुढे ताण जुळवायला जागा उरत नाही. मग त्यातून सुरक्षा-तार ओवतात. नाहीतर थरथरीने टर्नबकल आपोआप उलगडतात.

ताण मोजायला लूस गेज (तारेवर लावायचे ताणमापक) सोपा. तो नसेल तर अँकरजवळ तारेला टिचकी मारून लहर वर जाऊन किती वेळात परतते ते पाहावे. वरच्या उदाहरणात तार 24 मीटर भरते. 180 किलोंना दहा फेऱ्या पावणेचार सेकंदांत होतात. पाच सेकंद लागले तर ताण जेमतेम 100 किलो आहे.

तार अँटेनाच्या वारंवारता-पट्ट्यात अनुनादी असली (म्हणजे तिची लांबी त्या लहरींशी जुळली) तर अँटेनाच्या रेडिओलहरी पसरण्याचा आकार बिघडवते. 14 मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी साधारण 10 मीटर, म्हणून त्या मापाचे तुकडे टाळून मध्ये चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर घालतात. दोन्ही फास एकमेकांत अडकवलेले असल्याने इन्सुलेटर फुटला तरी तार सुटत नाही.

गंज बहुधा नजरेआड असतो: अँकरचा दांडा जमिनीखाली सडतो. माती उकरून तो पाहावा. बदलायचा असल्यास आधी तात्पुरती तार दुसरीकडे बांधावी, मगच जुनी तार सोडावी.