परसबागेतील काकडी (खानदेश)

काकडी हे मूळचे भारतातले वेलवर्गीय पीक. शास्त्रीय नाव कुकुमिस सटायव्हस. दोडका, कारले, भोपळा ही तिच्याच कुळातली. हिमालयाच्या पायथ्याशी तिची कडू रानजात आजही आढळते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, म्हणजे खानदेशात, घरामागच्या चार हात जागेतही ती चांगली येते. मात्र पेरणीची वेळ साधावी लागते.

वेळा दोन. जूनअखेर पाऊस लागल्यावर टोकलेले बी ४५ ते ५० दिवसांत फळ देते, म्हणजे श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या सणाच्या सुमारास ताटात घरची काकडी असते. उन्हाळी पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करावी. उशीर झाला तर वेल ऐन फुलोऱ्यात चैत्र-वैशाखाच्या उन्हात सापडतो, आणि भुसावळ-जळगावकडे तेव्हा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो.

उन्हाचा पहिला घाव फुलांवर बसतो. काकडीच्या एकाच वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. आधी नर फुले उमलून गळतात, म्हणून पुष्कळ जण वेल वांझ समजून उपटतात. ही घाई करू नये. फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी दिसली की ते मादी फूल. कडक ऊन व लांब दिवस असले की नर फुलांचेच प्रमाण वाढते. फूल एकच दिवस टिकते आणि परागीभवन मधमाश्या करतात. त्या फिरकल्या नाहीत, तर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे केसर सकाळीच मादी फुलाला लावावे. अर्धवट परागीभवन झालेली काकडी वाकडी, एका टोकाला बारीक राहते.

काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून आळ्यापेक्षा उंचवटा करून, शेणखत मिसळून, प्रत्येक ठिकाणी तीन-चार बिया टोकाव्यात व पुढे दोन रोपे ठेवावीत. आधाराला तुराट्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या चालतात. पऱ्हाटीवर राहिलेली बोंडे मात्र आधी काढून जाळावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते.

पाणी थोडे पण नेमाने हवे. ताण आणि उष्णता यांमुळे फळात कुकुर्बिटॅसिन हे कडू द्रव्य वाढते. ते देठाकडे व सालीत जास्त असते. देठाचा तुकडा घासून फेस काढण्यापेक्षा तेवढा भाग कापून टाकणे बरे. फार कडू लागली तर ती खाऊच नये.

रोप लहान असताना तांबडे भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत. फळमाशीने डंखलेली फळे वेलाखाली पडू न देता नष्ट करावीत. भुरीवर, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या रोगावर, गंधक चालते, पण काकडीवर्गाची पाने त्याने भाजतात, विशेषतः पारा ३२ अंशांवर असताना. खानदेशच्या उन्हाळ्यात ते टाळलेलेच बरे.

जातींत पुना खिरा जुनी, तर हिमांगी व फुले शुभांगी राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या. काकडी कोवळी असतानाच, दिवसाआड तोडावी. एक जरी वेलावर जून झाली, तरी नवी फळे धरणे मंदावते. चोचवलेल्या काकडीत शेंगदाण्याचा कूट घालून केलेली कोशिंबीर अशाच कोवळ्या काकडीची करावी.

बियाण्यासाठी मात्र निरोगी वेलावरचे एक फळ पिवळे होईपर्यंत राखतात. गर एक-दोन दिवस आंबवून बी धुतात आणि सावलीत वाळवतात. संकरित वाणाचे बी असे धरू नये. पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत.